चौदा खुर्च्या

कामतघर, भिवंडी
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

इक्बालभाई यांना नमस्कार.

तुम्ही आणि जाहिदावहिनी बरे असाल. इकडे आईला ऐकू कमी येतं, बाकी तब्येत ठीक आहे. मनोजना हल्ली दिवसपाळी असते. उन्नती अकरावीला गेली. मी अजून त्याच शाळेत शिकवते.

"चौदा खुर्च्या ठेवल्या होत्या, ताई." अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या जिन्याखाली तुम्ही मला एवढंच म्हणालात. वर माझ्या वडिलांना, भाऊंना ठेवलं होतं. मी विचारलं, "मग गेल्या कुठे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग स्वतःच्या चपलांकडे पाहिलंत. त्यानंतर आपण एकमेकांशी बोललो नाही. आज लिहायला बसले आहे ते आठवण आली म्हणून नव्हे, हे आधीच सांगते.

रस्ता रुंद करताना आमच्या घराचा पुढचा भाग गेला. उरलेलं पाडून त्याच जागेवर नवीन बांधतो आहोत. खांब उभे राहिले, फळ्या ठोकून झाल्या, स्लॅबची सळई बांधायचं काम चालू आहे. येत्या रविवारी स्लॅब पडेल. पुढे गॅलरी आहे. मला नको होती. आई म्हणाली, "गॅलरी न्हाय तं घर कनाला? मानसानं बसाचं कं?" उन्नतीनेही तिचीच बाजू घेतली. दोघींपुढे माझं चाललं नाही.

ठेकेदार देवेश म्हणून इथलाच मुलगा आहे. सळईचं काम करायला त्याने एक फिटर आणला. शाळा सुटली की मी टेप घेऊन साइटवर जाते. पहिल्या दिवसापासून जाते. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांमधलं अंतर मोजते, सळईची जाडी बघते. बिहारी कामगार मला बघून म्हणतात, "आ गयी इंजिनियर मॅडम, फीता लेके." म्हणू देत. खांबांच्या वेळी मी पाहिलं की प्रत्येक रिंगेच्या वाकवलेल्या टोकांचे आकडे वेगळ्या कोपऱ्यात फिरवलेत. एक या कोपऱ्यात, त्यावरची पुढच्या, त्यावरची त्याच्या पुढच्या. असं आता कोण करतं? सगळे एकाच कोपऱ्यात आकडे ठेवून मोकळे होतात. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. भाऊंच्या हातचं काम उभं आहे असं वाटलं.

परवा शनिवारी मी त्या फिटरला बांधताना पाहिलं. तार तुमच्यासारखी डाव्या हाताने पिळत होता.

मी विचारलं, "कुठे शिकलास रे?"

"घरी, काकी."

"कुणाकडे?"

"अब्बांकडे." पुढचा प्रश्न येणार हे ओळखून तो उभा राहिला. हातातला तार पिळायचा आकडा खिशात ठेवला. "महापोलीचे इक्बालभाई. मी साद."

खोटं बोलला नाही, हे मान्य करते. पण खरंही आपण होऊन सांगितलं नाही. महिनाभर माझ्या दारात वावरला, आईच्या हातचा चहा प्याला, आणि नाव विचारेपर्यंत गप्प राहिला. तेरा वर्षांचा असताना शेवटचा पाहिलेला मुलगा दाढी आल्यावर ओळखू येत नाही, एवढं तुम्हाला नक्की ठाऊक होतं.

म्हणून विचारते. भिवंडीत गोदामांची एवढी कामं निघतात. चांगला हात असलेला माणूस ती सोडून दोन खोल्यांच्या घरावर का येतो? तुम्ही पाठवलंत का? आणि पाठवलंत तर कशासाठी? रविवारपासून मला खांबांमधलं ते सुंदर कामही वेगळंच दिसायला लागलं आहे. ज्याला काही लपवायचं असतं तो दिसणारी बाजू जास्त नीट करतो. शाळेत मी हे रोज बघते. ज्या मुलाने उतरवून काढलंय त्याचं अक्षर त्या दिवशी सगळ्यात सुवाच्य असतं.

उन्नतीला सगळं सांगायची वेळ आली. आधी खुर्ची म्हणजे काय तेच सांगावं लागलं. गॅलरी भिंतीबाहेर लोंबते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी. ओतताना ती खाली बसू नये म्हणून तिच्याखाली सळईचेच वाकवलेले पाय ठेवतात. सगळे चेअर म्हणतात, भाऊ खुर्ची म्हणायचे. ती म्हणाली, "पण वरच का?" मग मी भाऊंनी केलं होतं तेच केलं. तिला हात लांब करायला लावला आणि पाण्याची बादली दिली. "कुठे दुखतं?" "इथे, वर, खांद्यावर." तुम्ही सतरा वर्षांचे होता तेव्हा. अंगणात हात लांब करून उभे होतात, बादली हलत होती, मी पायरीवर बसून हसत होते. आणि भाऊ म्हणाले होते, "जिथं दुखतं तिथंच सळी पायजे. खाली सरकली की गॅलरी न्हाय, फळी टांगली समज."

तुम्हाला हे माहीत होतं. म्हणूनच मी कधी समजू शकले नाही. ज्या गॅलरीखाली भाऊ गेले तिच्यात सळई तळाशी सापडली. इंजिनिअर म्हणाले, एकही चेअर उभी सापडली नाही. वर कामगारांशिवाय कोणी चढलं नव्हतं, हे मी तेव्हाही सांगितलं आहे. त्या दिवसाचे फोटोसुद्धा राहिले नाहीत, फोन बिघडला. राहिलं काय, तर तुमचं एक वाक्य.

खरं काय ते लिहून कळवा, किंवा मुलाला परत बोलवा. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे. सादच्याच हाती देते. उघडलं तर कळेल.

सुकन्या मनोज तरे


कामतघर
गुरुवार, १३ नोव्हेंबर

इक्बालभाई,

उत्तर आलं नाही. सादला विचारलं तर म्हणाला, "अब्बांनी वाचलं. घडी करून ठेवलं." बस.

सोबत सात तारा पाठवते आहे. पाकिटात हात घालताना जपा, टोकं बोचतात.

कशा आहेत ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण कुणी तरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते. भाऊ नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, "बांधलेलं सगलंच बगतान. खाली काय परलंय ते बग." बांधताना खाली पडणारी तार सरळ असते, वापरलीच नाही म्हणून पडते. पिळलेली तार खाली पडली असेल तर कुणी तरी बांधलेलं सोडवलं आहे. तपासणी होईपर्यंत सगळं जागेवर, साहेबाची पाठ वळली की अर्ध्या रिंगा पुढच्या खांबाला. हे भाऊंनी दुसऱ्यांच्या साइटवर पाहिलेलं. आपल्या माणसाने असं केलं तर त्याचा आकडा काढून घ्यायचे.

काल दुपारी देवेशचा इंजिनिअर येऊन स्लॅब बघून गेला. आज मधल्या सुट्टीत भाऊंचं ते वाक्य आठवलं. हजेरीवर सही राहिली ती राहिली, रिक्षा करून साइटवर गेले. गॅलरीच्या फळ्यांवर या तारा पडल्या होत्या. सगळ्या पिळाच्या. सात मी उचलल्या, आणखी होत्या. आणि सळयांची जाळी फळीला चिकटून पडली होती. खाली एकही खुर्ची नव्हती. मी वाकून, गाल फळीला लावून पाहिलं, इक्बालभाई. एकही नव्हती.

साद शिडीवरून वर येत होता.

"हे काय आहे?" मी मूठ उघडली.

"तारा आहेत, काकी."

"कसल्या?"

"सोडवलेल्या." आणि हसला. "काकी, तुम्ही खरंच भाऊंची पोरगी. आमच्यातलं कोणी तारा नाही उचलत."

"खुर्च्या कुठे गेल्या?"

"बदलतोय."

"साहेब बघून गेल्यावर? कुणी सांगितलं बदलायला?"

"सांगितलं एकाने," म्हणाला आणि नजर चपलांकडे गेली. अगदी तसाच. त्या क्षणी मला जिन्याखालचे तुम्ही दिसलात आणि माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. बिहारी पोरं काम थांबवून बघत राहिली. मी देवेशला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, जरा दमानं, मी येतो." मी म्हटलं, तू ये नाही तर राहा, हा माणूस माझ्या घराला पुन्हा हात लावणार नाही.

आई खाली बसली होती. तिला सगळं ओरडून सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याचं हात बगलंस? बापावानी हायेत." मी म्हटलं, म्हणूनच तर. ती म्हणाली, "तुला दुसरं काय बगाचंच न्हाय." आणि पाठ फिरवून निजली.

तुमच्या मुलाला मी परत पाठवते आहे. अकरा वर्षांनी तेच घर, तीच गॅलरी, तेच काम. योगायोग म्हणायला मी लहान नाही. यावेळी त्या गॅलरीखाली आई बसणार होती.

सुकन्या


कामतघर
शनिवार, १५ नोव्हेंबर

इक्बालदादा,

असं लिहायचा हक्क मला राहिलेला नाही. पण दुसरं काही लिहिलं तर हे पत्र पुढे सरकणार नाही.

कसे आहात हे विचारत नाही. जाहिदावहिनींचे गुडघे दुखतात असं साद म्हणाला, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बरं वाटतं त्यांना, दर मंगळवारी नेता. ते ऐकून बरं वाटलं. मला तुमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. मी अकरा वर्षं तुमच्याबद्दल फक्त संशय घेतला. माहिती घेतली नाही.

काल काय झालं ते क्रमाने सांगते.

सकाळी देवेश इंजिनिअरला घेऊन आला. मी शाळेत रजा टाकली होती. साद गेल्यावर त्याच्या जोडीच्या माणसाने काम तसंच ठेवलं होतं, गॅलरीत अजून एकही खुर्ची नव्हती. बाजूला नव्या खुर्च्यांचा ढीग, वाकवून, एकसारख्या, बावीस. इंजिनिअरने एक उचलली, पट्टी लावली आणि म्हणाला, "आधी आठ मिलिमीटरच्या सळईच्या होत्या, चौदा. चालल्या असत्या. या दहाच्या आहेत. एवढ्या कुणी घालत नाही, पण घातल्या तर वाईट काय?" देवेश माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही त्याला पळवलंत ते मजबूत केल्याबद्दल."

मला वाटलं, यातही काही असेल. खरं सांगते, तेव्हाही मी तसंच धरून होते. माणूस इतकी वर्षं एक गोष्ट धरून बसला की हात उघडत नाही.

दुपारी साद आला. कामाला नव्हे. त्याचा आकडा विसरला होता, तार पिळायचा, लाकडी मुठीचा. मी तो उचलून ठेवला होता. देताना पाहिलं, मुठीवर भाऊंची खूण होती. तीन चिरा. तो भाऊंचा आकडा आहे, दादा. मला वाटत होतं तो ढिगाऱ्यात गेला.

मी विचारलं, "खुर्च्या बदलायला कुणी सांगितलं? आता तरी बोल."

तो म्हणाला, "तुम्ही अब्बांना लिहिलं ना सोमवारी. मी कुठे काम करतो ते त्यांना त्या पत्रावरून कळलं. मी सांगितलंच नव्हतं."

"का?"

"देवेशभाईंनी पत्ता दिला, मी आलो. घर कुणाचं ते दुसऱ्या दिवशी समजलं. तेव्हाच जायला पाहिजे होतं. पण रिंगा अर्ध्यावर होत्या, काकी. अर्धं बांधून सोडायचं नाही असं अब्बा बोलतात. घरी सांगितलं असतं तर भडकले असते."

"मग पत्र वाचून भडकले?"

"नाही." साद जरा वेळ आकड्याची मूठ चोळत राहिला. "पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. घडी केली. मग मला विचारलं, गॅलरीत खुर्च्या कितीच्या घातल्यास? मी म्हणालो, आठच्या, चौदा. तर म्हणाले, काढ. दहाच्या घाल, बावीस घाल. मी म्हणालो, अब्बा, कशाला एवढ्या, प्लॅनमध्ये नाही. ते म्हणाले, त्या घरातली माणसं वर चढतात."

त्याला त्या वाक्यात काही वाटलं नाही. सहज बोलून गेला. पुढे असंही म्हणाला की तुम्ही त्याला शिकवलंत, ओतायच्या दिवशी गॅलरीपुढे तार आडवी बांधायची आणि कुणालाही पलीकडे सोडायचं नाही, मालक असो की मालकाचा बाप. "सगळे हसतात मला," म्हणाला. "बोलतात, ये साद का बॉर्डर है."

मी आत गेले. आईची ट्रंक उघडली. तिच्या लग्नाच्या साडीखाली कागदात गुंडाळलेला फोटो काढला. ठेवणारी मीच होते, म्हणून शोधावा लागला नाही.

फोटो राहिले नाहीत असं मी सोमवारी लिहिलं. ते खोटं होतं. फोन बिघडला हे खरं, पण त्याआधी मनोजनी एक फोटो काढून आणला होता.

तो या पाकिटात आहे. तुम्ही तो कधी पाहिला नसेल. ओतायच्या आधी, नारळ फोडल्यावर, आम्ही गॅलरीवर उभे आहोत. जाळीवर, सळयांवर. डावीकडून भाऊ, नारळाची अर्धी कवड हातात. मग आई. मग मी, कडेवर उन्नती. मागे शेजारची माणसं, दाटीवाटीने, दहा तरी असतील. सगळे हसतायत. भाऊ सगळ्यात जास्त. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली, हे त्यांचं स्वतःचं होतं. "या, या, समदे या वर," म्हणून त्यांनीच हाका मारल्या होत्या. ज्या माणसाने दुसऱ्याच्या साइटवर गॅलरीवर पाय टाकणाऱ्या मालकाला हाकललं होतं, त्याने.

उजव्या कडेला शिडीच्या टोकाशी तुमचा हात दिसतो. पंजा वर केलेला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं, तुम्हीही हात हलवत होतात.

तुम्ही आम्हाला उतरायला सांगत होतात. मला ते ऐकू आलं होतं. "ताई, उतरा, खुर्च्या बसतायत." आणि मी काय म्हणाले तेही मला आठवतं. मी म्हटलं, "राहू द्या हो इक्बालदादा, एक फोटो. घर आमचंच आहे ना." सगळे हसले.

आम्ही उतरल्यावर तुम्ही भाऊंना म्हणालात, "भाऊ, दहा मिनिटं द्या, जाळी उचलून घेतो." खाली मिक्सर चालू झाला होता. भाऊ म्हणाले, "तुला मीच शिकवलंय ना? काय व्हत न्हाय. मुहूर्त जातंय, ओत." मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होते. तुम्ही एकदा जाळीकडे पाहिलंत, एकदा भाऊंकडे. मग बाजूला झालात. उस्तादाला नाही म्हणता आलं नाही तुम्हाला. साद म्हणतो, घरी तुम्ही एवढंच बोलता की चूक माझी होती, मी थांबवलं नाही.

दोन आठवड्यांनी शेवटचा टेकू भाऊंनी स्वतः काढला.

पंचनामा झाला तेव्हा त्या साहेबांनी मला विचारलं होतं, "स्लॅबच्या दिवशी गॅलरीवर कुणी चढलं होतं का?" मी म्हटलं, "कामगारांशिवाय कोणी नाही." साहेबांनी लिहून घेतलं. तुम्ही चार हातांवर उभे होता. तुम्ही ऐकलंत. आणि गप्प राहिलात. मला तेव्हा तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. तसा वाटावा अशी माझी गरज होती.

मला खरंच ठाऊक नव्हतं, असं लिहिण्याचा मोह होतोय. फिटरच्या मुलीला ठाऊक नव्हतं? बादलीचा धडा पाठ असलेल्या मुलीला? मनाने नसेल कबूल केलं. पण ज्या हातांनी फोटो साडीखाली ठेवला त्यांना सगळं माहीत होतं. एकदा ते झाकलं की मग मला दुसरं कुणी तरी लागत होतं, आणि तुम्ही समोर होतात. तुमच्यावर संशय घेत राहणं हे माझं रोजचं काम झालं. टेप घेऊन मी साद काय चोरतो ते मोजत नव्हते, दादा. माझं खोटं अजून जागेवर आहे ना, ते बघत होते.

तुमच्यावरची केस चार वर्षांनी मिटली. काम तुम्हाला परत मिळालं नाही. पंचक्रोशीत "गॅलरीवाला इक्बाल" म्हणायचे, मीही ऐकलं आहे. तुम्ही एका माणसाला जरी सांगितलं असतंत की त्या दिवशी वर कोण उभं होतं, तरी पुरलं असतं. माझ्यासाठी गप्प राहिला नाहीत हे मला कळतं. भाऊंसाठी राहिलात. महादू फिटरने स्वतःच्या घराची जाळी स्वतःच्या पायाने दाबली, असं कुणी म्हणू नये म्हणून.

काल मी आईला फोटो दाखवला. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मना वाटलंच. माज्या पायाखाली हाललं व्हतं." मी ओरडून विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तू बोलशील म्हून वाट बगली." एका घरात राहून आम्ही दोघी अकरा वर्षं एकमेकींपासून हेच लपवत होतो.

संध्याकाळी मी सादची माफी मागितली. तो लाजला. "काकी, रिंगा मोजून झाल्या असतील तर माझी हजेरी पण लावा," म्हणाला आणि वर चढला. आज दुपारपर्यंत बाविसाव्या खुर्चीला शेवटचा पीळ बसेल. फळ्या झाडून घेतल्यात, खाली एकही पिळाची तार नाही. मी पाहिलं. सवय एका दिवसात जाणार नाही. गॅलरीपुढे त्याने तार आडवी बांधली आहे, आणि उन्नतीने तिला लाल रिबिनीचा तुकडा लावलाय, दिसावी म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

उद्या सकाळी आठला स्लॅब. नारळ खाली अंगणात फुटेल. दुपारी स्लॅबचं जेवण आहे, पंधरावीस घरची माणसं येतील. त्यातली निम्मी या फोटोत आहेत. पानं वाढली की मी उभी राहणार आहे आणि हा फोटो हातात घेऊन सगळं सांगणार आहे. कुणी बोलावलं, कुणी उतरायला सांगितलं, कोण हसलं, पंचनाम्यात कोण खोटं बोललं. भाऊंचं नाव त्यात येईल. ते टाळून हे खरं सांगता येत नाही, मी काल बराच वेळ प्रयत्न करून पाहिला.

तुम्ही नको म्हणाल. साद म्हणतो, अब्बा भाऊंचं नाव घेताना अजून उस्ताद म्हणून कानाला हात लावतात. तुम्ही म्हणाल, ताई, झालं ते झालं, मेलेल्या माणसाला आता कशाला उभं करता. म्हणाल, माझं वय झालं, मला नाव परत घेऊन काय करायचंय. कदाचित हे पत्रही घडी करून ठेवाल, पहिल्यासारखं, आणि उत्तर म्हणून सादला सांगाल की आणखी दोन खुर्च्या घाल.

तरी मागते. उद्या या, दादा. तारेच्या अलीकडे उभे राहा. आणि मी बोलायला लागले की तुमचा तो हात वर करू नका.

फोटोत डावीकडून तिसरी,
सुकन्या